मॅलाकीच्या बॉयलरचा वास

नोरीन स्कॅनलननं दार वाजवलं नाही. शेजारच्या मॅलाकी टूहीच्या घरात ती गेली तीस वर्षं मागच्या दारानंच शिरत आली होती. आज फक्त पाऊल जरा जोरात पडत होतं.

"मॅलाकी, तुझ्या त्या नव्या बॉयलरचा धूर माझ्या स्वयंपाकघरात येतोय. नुसता रॉकेलचा वास! पावाला तोच, दुधाला तोच. चार दिवस फिंटनचं डोकं ठणकतंय."

मॅलाकी पावाला लोणी लावत होता. सुरी हातातच राहिली. सत्तरी उलटलेला, एकटा, आयुष्यभर आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलेला माणूस. भांडतात कसं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"पाइपाचं तोंड तुमच्या खिडकीकडे बसवलंय खरं," तो म्हणाला. "बसवायला आलेल्या पोरांना मी सांगितलं होतं."

"सांगितलं असशील. मनातल्या मनात."

"कॉनल मिस्त्रीला बोलावतो. तो तोंड वळवून देईल. पण सध्या त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. तीन आठवडे तरी लागतील."

"आणि तोवर आम्ही श्वास घ्यायचा नाही, असंच ना?"

बोलून गेली आणि अंगणात आल्यावर तिलाच कसंतरी झालं. जानेवारी होता. गवतावरचं हिव दुपारपर्यंत वितळत नव्हतं. अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसाला 'घर तापवायचा बॉयलर बंद कर' म्हणायचं कोणत्या तोंडानं?

घरी येऊन तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटींत जुने टॉवेल कोंबले, वरून चिकटपट्टी मारली आणि पडदा ओढून घेतला. फिंटनला, तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. त्याचा डावा हात उचलत नव्हता. गारठा जरासुद्धा सोसत नव्हता, त्यामुळे घरातलाही बॉयलर दिवसभर पेटता ठेवावा लागे.

"कुणावर चिडलीयस?" फिंटननं विचारलं. त्याचे शब्द अजून जरा घसरत.

"तुझ्यावर. तुझ्या डोक्यापायी त्या गरीब माणसाला बोलून आले." ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याची डावी बोटं एकेक करून चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी मॅलाकी सहा अंडी घेऊन दारात उभा. अंगात दोन स्वेटर, नाक लालबुंद.

"वास कमी झाला का?"

खरं सांगितलं तर हा वेडा बॉयलर बंद करून कुडकुडत बसेल, हे नोरीनला त्या नाकाकडे बघूनच कळलं.

"झाला की. बराच कमी झाला."

"खरंच?" मॅलाकीचा चेहरा असा उजळला, की खोटं बोलल्याचं तिला काहीच वाटलं नाही.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. येताना काहीतरी आणायचा. कधी अंडी, कधी वर्तमानपत्र. दुपारी फिंटनला हाताला धरून आपल्या घरी न्यायचा. तिथं विस्तवापुढे दोघं सोंगट्या मांडून बसत. शेगडीत दलदलीतून कापून आणलेल्या पीटच्या वाळक्या विटा जळत असत. दोन तासांनी फिंटन परतायचा तो गाल गुलाबी करून, बडबडत. घरी तासभर बसला, की पुन्हा कपाळ धरायचा.

"छान आहे," नोरीन म्हणाली. "त्याच्याकडे गेलास की तोंड बंद होत नाही, माझ्याकडे आलास की डोकं दुखतं. चाळीस वर्षं संसार केल्याचं बक्षीस!"

"तो मला जिंकू देतो," फिंटन म्हणाला. "तू दिलंस का कधी?"

ती हसली. हल्ली सकाळी पीठ मळताना तिचंही डोकं जड व्हायचं, पण ते ती कुणाला बोलली नाही. फिंटनच्या डोकेदुखीबद्दल डॉक्टर म्हणाले होते, अशा आजारानंतर हे व्हायचंच. मॅलाकी रोज दारातून विचारायचा, "वास?" आणि ती रोज सांगायची, "नाही रे बाबा. ये आत, चहा घे."

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी कॉनलची गाडी आली. दोघं म्हातारे आत डावात रंगले होते, म्हणून नोरीनच त्याला मॅलाकीच्या परसात घेऊन गेली. कॉनलनं बॉयलरचं झाकण उघडलं, हात लावला आणि पाइपात डोकावला.

"मॅलाकीकाका!" त्यानं हाक मारली. "हा तर बर्फासारखा गार आहे. पाइपाच्या तोंडावर हिव साचलंय. पेटवून किती दिवस झाले?"

मॅलाकी दारात आला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"नोरीन बोलून गेली ना, त्याच दिवशी बंद केला. आत विस्तव आहे की. एकट्या माणसाला ऊब लागते केवढी?"

"तीन आठवडे?" नोरीनचा आवाज चढला. "आणि मला रोज विचारत होतास ते?"

"खात्री करून घेत होतो. कमी झाला म्हणालीस, बरं वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. गार होते. फिंटनची बोटं चोळायची तशीच ती त्याची बोटं चोळू लागली.

"दीडशहाण्या, खोटं बोलत होते मी. तू बॉयलर बंद करून गारठशील म्हणून! वास जरासुद्धा कमी झाला नव्हता. आज सकाळी तर डोळे चुरचुरत होते माझे."

"दोघंही ठार वेडे!" आतून फिंटन ओरडला. मॅलाकी हसायला लागला, नोरीन डोळे पुसत हसायला लागली. कॉनलही हसत हसत हत्यारं पिशवीत भरत होता.

मग त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून नोरीनच्या घराकडे, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेल्या त्या खिडकीकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "मग तो वास येतो कुठून? तुमच्या घरातला बॉयलर कुठं आहे?"