मोज्याची शिवण

"मोजा कोणी काढला होता?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

पलंगावर सात वर्षांची बिट्टी पाय पसरून बसली होती. तिच्या उजव्या पायातल्या रक्तवाहिन्या जन्मापासूनच फुगलेल्या, वेड्यावाकड्या. त्या पायाचं हाड दुसऱ्यापेक्षा भराभर वाढायला लागलं, म्हणून गुडघ्याशी ऑपरेशन करावं लागलं. हाडाचं काम फत्ते झालं; वरची जखम मात्र सहा आठवडे उलटले तरी भरायचं नाव घेत नव्हती. पायात रक्त साचू नये म्हणून मांडीपर्यंतचा घट्ट मोजा दिवसरात्र घालायचा, अशी सक्त ताकीद होती.

"मी मोज्याची शिवण नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवते," सिस्टर म्हणाल्या. "आज ती आत आलीये."

डॉक्टरांनी जखमेच्या सुजलेल्या कडा निरखल्या. "तरीच! आम्ही आपली औषधं बदलत बसलोय. असंच चाललं तर हे हाडापर्यंत चिघळेल."

रोज दुपारी लेकीचा डोळा लागला की आईच मोजा उतरवायची. मोज्याचे वळ बघून तिचा जीव तीळ तीळ तुटायचा. शिवाय लहानपणी तिची स्वतःची सगळी खरचटणी उघडी ठेवूनच बरी झाली होती. जखमेला जरा वारा लागला तर बिघडलं कुठं? सिस्टर यायच्या आत ती मोजा घाईघाईने परत चढवायची. केवढा मूर्खपणा केला, हे आता तिला कळत होतं. पण बोलायचं कसं? दाराशी नवरा उभा होता. लेकीचा पाय असा का, याचं खापर तो सात वर्षं तिच्याच डोक्यावर फोडत आला होता. यापुढे मोज्याला हात लावायचा नाही, म्हणजे झालं, असं तिने मनाशी ठरवलं.

"मी काढते," बिट्टी म्हणाली. "खाज येते."

"आणि तू समोर बसून काय माश्या मारत होतीस?" नवरा आईवर खेकसला.

"मग काय, महाराणी, जखम भरेपर्यंत हात बांधून ठेवावे लागणार," डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी पट्टीची गुंडाळी आईच्या हातात दिली. "एकही बोट मोकळं राहता कामा नये हं."

बिट्टीने दोन्ही हात शहाण्यासारखे पुढे केले. आईने एक वेढा घातला, मग दुसरा. तेवढ्यात लेक वाकली आणि तिच्या कानाशी कुजबुजली.

"घट्ट बांध, आई. नाहीतर बाबांना खरं वाटणार नाही."

आईने घातलेले वेढे सोडवले. लेकीचे हात मोकळे केले आणि ती नवऱ्याकडे वळली.

"मोजा मी काढत होते," ती म्हणाली. "ही तेव्हा झोपलेली असते, असं मला वाटायचं."