पाटाचं पोस्टकार्ड

त्या एका पोस्टकार्डातून एल्डन टेशला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. ऑगस्टभर पाटाचं पाणी, त्या पाण्यावर गवताची दुसरी कापणी, आणि शेजारच्या विधवेचं, हुल्डा ब्रेक्केचं, रान करपताना बघायला मिळणं. पहिल्या दोन गोष्टींची त्याला गरज होती. तिसरीची हौस.

१९३४चा उन्हाळा. वायोमिंगच्या त्या खोऱ्यात मेपासून पाऊस नव्हता आणि पाटात पाणी उरलं होतं ते एकाच रानापुरतं. कायदा साधा होता: पाट ज्याच्या घराण्यानं खणला, पाण्यावर पहिला हक्क त्याचा. जुनी नोंदवही कचेरीच्या आगीत जळाली होती. म्हणून सरकारी पाटकरी पर्विस पुरावा बघायला टेशांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. त्याच्यापुढं कॉफी होती. हुल्डापुढं नव्हती.

एल्डननं आईचा अल्बम उघडून पर्विसकडे सरकवला. पोस्टकार्डावर त्याचे वडील गुस्ताफ नव्याकोऱ्या पाटाच्या काठावर उभे. एक हात नांगरावर, कमरेला पिस्तूल, पायांत पांढऱ्या लोकरीची झुपकेदार विजार. पुढं जुंपलेली चार घोडी.

“वडील, पाट, नांगर. अजून काय पाहिजे?”

“विजार फोटोवाल्याची,” हुल्डा म्हणाली. “गाडीत घालून गावोगाव फिरवायचा. पिस्तूलही त्याचंच, लाकडाचं. आमच्या सासऱ्यांचाही तसलाच फोटो आहे, आणि त्यांना कोंबडी मारायची म्हटलं तरी घाम फुटायचा.”

“विजारीचं राहू द्या, ब्रेक्केबाई. पाट तर त्यानं गाडीतनं आणला नव्हता?”

पर्विस हसला. मग म्हणाला, “तारीख कुठाय?”

“मागं. पोस्टाचा शिक्का असणार.” एल्डननं नखानं कोपरा उचकटून पाहिला. कार्ड खळीनं पानाला पक्कं बसलं होतं. “आईनं मावशीला धाडलेलं कार्ड आहे. मावशी वारली तेव्हा सगळा गठ्ठा परत आला.”

त्याची आई ओटिली शेगडीपाशी वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली. “ते पान राहू दे, एल्डन.”

“किटली उकळलीय ना?”

“त्या पानाच्या पाठीला मिना आहे.”

मिना एल्डनच्या आधीची. अडीच वर्षांची असताना घटसर्पानं गेली. त्याच फोटोवाल्यानं तिला खोगिरावर बसवून फोटो काढला होता, आणि तिचा म्हणून जगात तेवढाच होता. दर रविवारी जेवणं उरकली की ओटिली ते पान काढून बसायची.

“मिनाला काय होतंय? नुसती वाफ तर द्यायचीय.”

“नको म्हणते ना मी.”

“आई, या हिवाळ्यात गुरं उपाशी मरतील. मिनाला काही खायला लागत नाही.”

का नको, ते तिनं सांगितलं असतं तर तो कदाचित थांबला असता. तिनं ते सांगितलं नाही. शेंग सोलायला घेतली.

एल्डननं पान अल्बममधून फाडलं आणि किटलीच्या तोटीवर आडवं धरलं. पाट वर, मिना खाली.

“सावकाश,” हुल्डा म्हणाली. “अजून पाच मिनिटं तरी पाट तुझाच आहे.”

एल्डननं खालून अंगठ्यानं पान दाबून धरलं, दुसऱ्या हातानं कार्ड ओढलं. ते चिकट आवाज करत सुटून आलं. त्यानं ते न वाचताच पर्विसच्या पुढ्यात आपटलं.

“घ्या. वाचा.”

“जून १९०७,” पर्विसनं शिक्का वाचला. “चांगली जुनी तारीख आहे.” आणि त्याची नजर शिक्क्याखाली गेली, तसा तो पुढचंही वाचत गेला. “‘ताई, आमच्या ध्यानाचा तोरा बघ. पाट ब्रेक्क्यांनी खणलाय, नांगर त्यांचा, घोडीही त्यांचीच. आम्ही अजून तंबूत. फोटोवाला म्हणाला, काहीतरी कामाचं दिसू दे. म्हणून ब्रेक्के जेवायला घरी गेल्यावर हे तिथं जाऊन उभे राहिले. वाचून फाडून टाक. तुझी ओटिली.’”

हुल्डा उठली, फडताळातला कप घेतला आणि स्वतःच कॉफी ओतून घेतली.

“तुला माहीत होतं,” एल्डन आईला म्हणाला.

“मीच लिहिलंय.”

“मग जाळलं का नाहीस?”

“त्यात तुझे वडील आहेत. तेवढे ऐटीत ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.” ओटिलीनं वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. “म्हणून तर पाठीला मिनाला चिकटवलं. वाटलं, तिच्या पानाला कुणी हात लावणार नाही.”

पर्विसनं वहीत दोन ओळी लिहिल्या. पाणी ब्रेक्क्यांकडे गेलं, गवत टेशांचं गेलं. हुल्डानं कप रिकामा केला आणि पालथा घालून ठेवला.

ओटिलीनं टेबलावरचं ओलं पान उलटलं. खोगीर होतं. झालरीचा झगा होता, लोंबणारे दोन छोटे बूट होते. झग्याच्या वर अंगठ्याएवढा पांढरा डाग.

एल्डननं आपला अंगठा पाहिला. त्यावर काहीतरी करडं, पातळ, ओलसर चिकटलं होतं. तो घंगाळाकडे वळला.

“एल्डन,” ओटिली म्हणाली, “हात धुऊ नकोस.”