रुपयावरचं नाव

कॅप्टन निशिगंधाच्या पणजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून एका शहीद साथीदाराचा रुपया आणला होता. त्यावर खिळ्याने ठोकून लष्करी क्रमांक उमटवला होता आणि खाली गुरुमुखीत ‘जीतो’. चंदीगडला बदली झाल्यावर तिने तो क्रमांक जुन्या नोंदींत शोधायला घेतला. सहा महिन्यांनी, मनीमाजऱ्यात, त्या सैनिकाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या मुलीच्या दारात ती धापा टाकत उभी राहिली.

“बीजी, जीतो म्हणजे तुमची आई ना?”

बीजींनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्या ताडकन उठल्या.

“जीतो मीच! बापूजी लढाईवर गेल्यानंतर जन्मले मी.” मग आत वळून त्या ओरडल्या, “बहू, ऐकलंस का? माझ्या जन्माचं पत्र पोचलं होतं त्यांना!”