कॅलेंडरमागची चौदा नावं

"पपा कधी मरणार?" चार वर्षांच्या इत्सेलने टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं.

"आज नाही मरणार," निदिया म्हणाली. म्हणाली खरी, पण मक्याच्या पानातून सोललेला वाफाळता तमाल तिच्या हातातच गार होत होता.

गेल्या आठवड्यात बालवाडीच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. वडील काय करतात म्हणून विचारलं, तर इत्सेल भर वर्गात म्हणाली होती, माझे पपा मरतात. खोटं कसं म्हणायचं? अकरा वर्षं तिचा नवरा एफ्राइन टीव्हीवर मरतच होता. कधी टोळीवाला, कधी तस्कर. मेक्सिकन तोंड दिसलं की हातात पिस्तूल द्यायचं, हा स्टुडिओवाल्यांचा शिरस्ता. दोन वाक्यं बोलायची आणि गोळी खायची. निदिया दार लोटून घ्यायची, पण पोर फटीतून बघायचीच.

सासूबाई ओफेलिया प्रत्येक मरणाला मेणबत्ती लावायच्या. सोंगातला का असेना, मेला तो कुणाचा तरी मुलगाच, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थनेला नाव लागतं आणि शेवटच्या पाट्यांत तर 'गुंड क्रमांक दोन' एवढंच यायचं. मग नाव त्याच ठेवायच्या. टीव्हीशेजारच्या बेकरीच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहिलेली अशी चौदा नावं होती. सगळ्यात वर आन्सेल्मो, पुलाखाली मेलेला.

आज मात्र एफ्राइन डॉक्टर होता. ईस्ट लॉस एंजेलिसमधली त्यांची अर्धी गल्ली खोलीत दाटीवाटीने बसली होती. शेजारचे तोरिबिओकाका म्हणाले, डॉक्टर असला तरी आपलाच ना, दहा मिनिटांत मरणार, धरून चाला. सगळे खिदळले. नंतर काटछाट करताना त्यांनी मारलं असेल तर माहीत नाही, एफ्राइन म्हणाला, मी तरी शूटिंगवरून घरी जिवंत आलो होतो. निदियाला हसू आलं नाही. तिने पोरीला शब्द दिला होता.

नवव्या मिनिटाला दवाखान्याबाहेर गोळी सुटली. पडद्यावरचा एफ्राइन आवाजाच्या दिशेने धावला आणि खाली वाकला. तो उठेना. सासूबाईंनी काडी ओढली. निदियाने इत्सेलचे डोळे झाकले. इत्सेलने तिची बोटं एकेक करून बाजूला सारली.

तो उठला. हात रक्ताने माखले होते, पण ते त्याचं नव्हतं. "वाचेल हा," तो म्हणाला. कोटावरची पट्टी स्पष्ट दिसली. डॉ. आन्सेल्मो रियोस.

काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा कुठे सासूबाईंनी ती फुंकली.

"त्यांच्या कागदात नुसतं 'डॉक्टर' होतं, आई," एफ्राइन खाली बघत म्हणाला. "म्हणाले, सुचव एखादं नाव. मला तू ठेवलेलीच तेवढी पाठ आहेत."

खोलीत टाळ्या, शिट्ट्या. त्या गलक्यात इत्सेल आईची बाही ओढत विचारत होती, मग आता बाईंना काय सांगू?

निदिया काही बोलणार तोच सासूबाईंनी कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि सगळ्यात वरचं नाव खोडलं.

"सांग, मेलेल्यांना उठवतात," त्या म्हणाल्या. "अजून तेरा राहिलेत."