निळ्या दाराशी

क्रूझ दीवला चारच तास थांबणार होती, म्हणून उत्कर्षा तारापूरच्या घरी ओटीवर वही उघडून बेत आखत बसली होती. सासरे पंढरी जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, बोटीचे म्होरके. दीवचा तट त्यांनी समुद्रातून हजारदा पाहिला, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं.

तरी वाट तेच सांगत होते. "वेशीतून आत शिरलीस का डाव्या हाताला वळ. तिसऱ्या गल्लीत निळं दार हाय. तिथं पाच मिंटं बस, वारा लागतो."

उत्कर्षाने हसत मोबाइलच्या नकाशावर ती गल्ली शोधली आणि तिथलं रस्त्याचं चित्र उघडलं. पिवळ्या दगडांच्या त्या गल्लीत निळं दार होतं, आणि पायरीवर चपलांचा जोड. तिने चित्र मोठं केलं. डाव्या चपलेचा तुटका पट्टा जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता.

तो परवा तिनेच शिवला होता. चित्राखालची तारीख सात वर्षांपूर्वीची होती.

तिने ओटीखाली पाहिलं. "बाबा, तुमच्या चपला?"

"तिथंच ऱ्हायल्या," पंढरी लाजत म्हणाले. "येताना घेऊन ये."

ती वाकली आणि तिने त्यांच्या अनवाणी पायांना हात लावला. बोटांना पिवळी धूळ लागली, उन्हाने अजून तापलेली.