ठोकळ्यांचे घर

नातीने खेळण्यातल्या ठोकळ्यांचे घर उभारले होते. त्यातील बाहुल्या केसभर सरकवायच्या, छायाचित्र टिपायचे, पुन्हा सरकवायच्या. अशा चित्रांतून तिचा चित्रपट आकार घेत होता. मात्र ती शाळेतून परते, तो सारी मांडणी विस्कटलेली असे.

"आजोबा, घरातला तो उंदीर पुन्हा येऊन गेला!" असे म्हणत ती डोळे पुसून नव्याने मांडू लागे.

एके दुपारी ते घर मोडताना मी माझ्या मुलालाच पाहिले.

"अरे, पोटच्या पोरीशी असा दावा का मांडलास?"

"बाबा, 'चित्रपट पूर्ण झाला की आई इस्पितळातून बघायला येईल,' असं सांगून बसलोय तिला."



सूनबाईने जगाचा निरोप घेऊन तेव्हा पंधरवडा लोटला होता.