डावखुरी ओळ

वादळाचा भोंगा वाजला तशा वेल्डाच्या क्रोशेवाल्या मैत्रिणी आमच्या तळघरात उतरल्या. वेल्डाला, माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले होते.

"मर्ल, दारापासून लांब बस. हेल्मेट घाल," त्यांच्यातली ओपल म्हणाली. "टक्कल तरी वाचेल."

तिनं फळीवरची वेल्डाची अर्धवट शाल उचलली आणि थबकली.

"ही शेवटची ओळ कुणी विणली? मागच्या वादळात नव्हती."

"कुणीच नाही. तुमच्याशिवाय इथं येतं कोण?"

"टाके डाव्या हाताचे आहेत. आमच्यात डावखुरी फक्त वेल्डा होती."

घाबरून तिनं शेवटच्या फासातली क्रोशाची सुई काढली आणि ओळ उसवायला धागा धरला.

"उसवू नकोस गं. तिचं एवढंच उरलंय." टाका निसटू नये म्हणून मी मोकळ्या फासात बोट घातलं.

ओपलनं धागा सोडून दिला. तरीही फास माझ्या बोटाभोवती हळूच आवळला.